जुन्या बोर्डावरचा मळ

दिवाळीआधी घर झाडायला घेतले की कोकणातल्या आमच्या घरी माळ्यावरून काही ना काही खाली उतरते. एका वर्षी उतरला तो वडिलांचा ट्रान्झिस्टर. चामड्याच्या कव्हरला बुरशी आलेली, पट्ट्याची शिवण उसवलेली आणि मागचे झाकण जागचे हलेना. सुरीची बोथट कड घालून ते हळूहळू उचकटले, तेव्हा आत तीन मोठे सेल एकमेकांना आणि खोक्याला चिकटून बसलेले दिसले. सेलांच्या बुडाशी पांढरी भुकटी फुलली होती, स्प्रिंगवर मोरचुदी रंगाचा थर चढला होता आणि त्या थरातून निघालेला एक ओलसर डाग वायरच्या वाटेने थेट बोर्डापर्यंत पोचला होता. शेजारचा मुलगा वाकून बघत होता. तो म्हणाला, “काका, पेट्रोलने पुसा. दुकानात तसंच करतात.”

हे सगळे प्रकरण त्या सल्ल्यावर आहे. दुकानात तसे करतात हे खरे, आणि तरीही ते घरी करू नये. पेट्रोल घरात का उघडू नये हे पुढे येईलच. पण त्या आधीची चूक वेगळी आहे. समोरचा मळ कोणता हे न पाहताच हाताला येईल ते द्रव ओतायचे, ही ती चूक. कपड्यावरचा तेलाचा डाग आणि हळदीचा डाग आपण एकाच उपायाने काढत नाही. बोर्डाच्या बाबतीत मात्र सगळ्याच मळाला ‘घाण’ म्हणतो आणि एकाच चिंधीने पुसायला जातो.

आधी बोर्ड म्हणजे काय ते जवळून पाहू. एका कठीण पत्र्यावर तांब्याच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांना मेकॅनिक ट्रॅक म्हणतात, आणि त्या वायरचे काम करतात. छापल्यासारखी जोडणी करण्याची ही कल्पना प्रत्यक्षात आणली पाउल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने. 1936 च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्याने अशा बोर्डावर रेडिओ बांधला. जुन्या ट्रान्झिस्टरमधला आणि स्वस्त यंत्रांमधला पत्रा तपकिरी असतो. तो फिनॉलिक राळेत भिजवून दाबलेला कागद असतो. संगणकातला हिरवा पत्रा काचतंतूंचा असतो. हा फरक धुण्याच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. काचतंतूंचा पत्रा पाण्याला दाद देत नाही, कागदी पत्रा कडेने आणि भोकांमधून पाणी पितो, फुगतो आणि मग ट्रॅक सुटून वर येतात.

ट्रॅकवर सुटे भाग जोडलेले असतात ते सोल्डरने. जुने सोल्डर म्हणजे कथील आणि शिसे यांचा मिलाफ, बहुधा 60 भाग कथील आणि 40 भाग शिसे. तो 183 अंश सेल्सिअसला वितळू लागतो. ज्यांनी दारात बसून भांड्यांना कल्हई करणारा कल्हईवाला पाहिला आहे, त्यांना यात नवे काही नाही. तो तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि मग कथील कापसाच्या बोळ्याने क्षणात सगळीकडे पसरायचे. नवसागर तांब्यावरचा काळपट थर खाऊन टाकतो म्हणून कथील धरते. बोर्डावर तेच काम राळ करते. चीडाच्या झाडाची ही राळ सोल्डरच्या तारेच्या पोटातच भरलेली असते, आणि सांधा जोडून झाला की पिवळसर, काचेसारखा चकचकीत थर होऊन मागे राहते.

हा झाला पहिला मळ, आणि तो फारसा मळ नव्हेच. नुसती राळ वीज वाहत नाही, तांबे खात नाही. तीस-चाळीस वर्षे ती जागेवर राहिली म्हणून कुठलाही रेडिओ बंद पडलेला नाही. ती काढावी ती तपासणीसाठी, कारण तिच्याखाली तडकलेला सांधा लपतो. धोका आहे तो नळकाम आणि पत्राकाम करणारे वापरतात त्या आम्लयुक्त पेस्टचा. कुणी घाईत तिनेच बोर्ड जोडला असेल तर सांध्याभोवती काही महिन्यांतच हिरवे कडे दिसू लागते. आपले लोक तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकले म्हणतात, तोच हा कळंक. तो दिसला की राळ समजून सोडून देऊ नका.

दुसरा मळ धुळीचा. कोरडी धूळ निरुपद्रवी असते, ती फक्त उष्णता कोंडते. पण आपल्याकडे कोरडी धूळ फार दिवस कोरडी राहत नाही. धुळीत क्षार असतात, कापसाचे तंतू असतात, किनाऱ्यालगतच्या घरांत समुद्राचे मीठही असते. पावसाळ्यात ही सगळी धूळ हवेतली ओल धरते आणि दोन ट्रॅकच्या मध्ये एक अदृश्य, कमकुवत तार तयार होते. आषाढात खरखर करणारा आणि मार्गशीर्षात आपोआप बरा होणारा ॲम्प्लिफायर पाहिलात, तर दुखणे बहुधा हेच असते.

तिसरा मळ जिवांचा. यंत्राच्या उबेला झुरळे येतात, पाली येतात, मुंग्या वारूळ करतात. झुरळांची विष्ठा आणि उंदराचे मूत्र हे दोन्ही तांब्याला खातात. उंदराने घाण केलेला बोर्ड उघड्या हातांनी धरू नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून पसरतात आणि ओलाव्यात तग धरतात. रबरी हातमोजे, नाकातोंडाला मास्क, आणि कोरडे न झाडता ओल्या फडक्याने टिपून घेणे, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

आणि चौथा मळ सेलचा. तो सगळ्यांत जास्त यंत्रे मारतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

इंग्रजी पुस्तके आणि व्हिडिओ यांत एकच उपाय सांगितलेला असतो. सेल फुटला असेल तर व्हिनेगर लावा. तो उपाय अल्कलाइन सेलसाठी बरोबर आहे, कारण त्या सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्क असतो आणि व्हिनेगरमधले आम्ल त्याला शमवते. पण आपल्याकडच्या घड्याळात, रिमोटमध्ये, टॉर्चमध्ये आणि जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये वर्षानुवर्षे जे स्वस्त सेल घातले गेले ते झिंक-कार्बनचे. फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने 1866 मध्ये केलेल्या सेलचे हे वंशज. त्यांच्यात कल्हईवाल्याचाच नवसागर असतो, किंवा झिंक क्लोराइड. दोन्ही सौम्य आम्लधर्मी. शिवाय या सेलचे भांडेच जस्ताचे असते आणि वीज देताना तेच झिजत जाते. सेल संपत आला की भांड्याला भोके पडतात आणि आतला ऐवज बाहेर येतो. अशा गळतीवर व्हिनेगर ओतणे म्हणजे आम्लावर आम्ल. तिथे हवा खाण्याचा सोडा.

मग सेल कोणता होता हे कसे ओळखायचे? वेष्टन शाबूत असेल तर त्यावर लिहिलेले असते. ते कुजून गेले असेल तर स्वयंपाकघरातली हळद कामाला येते. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि त्यातूनच कुंकू करतात, हे आपल्या घराघरांत माहीत होते. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हळद हा अल्काचा दर्शक आहे. चिमूटभर हळद चमचाभर स्पिरिटमध्ये कालवा, ते पाणी टिपकागदाच्या किंवा साध्या पांढऱ्या कागदाच्या पट्टीला लावा आणि सावलीत वाळवा. बोर्डावरच्या भुकटीवर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब सोडा आणि पट्टीचे टोक त्याला टेकवा. पट्टी लालसर तपकिरी झाली तर गळती अल्काची. पिवळीच राहिली तर बहुधा झिंक-कार्बनची. अल्कलाइन सेलची गळती जुनी झाली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पोटॅशियम कार्बोनेट बनते. पण तेही अल्कधर्मीच असते, म्हणून वीस वर्षांनीही पट्टी खरे सांगते. जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवर 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असायची, तिची गळतीही पट्टी लाल करते.

वडिलांच्या ट्रान्झिस्टरमधल्या डागावर मी पट्टी टेकवली. ती पिवळीच राहिली. डाग ओलसर का होता तेही मग उलगडले. झिंक क्लोराइड हवेतले पाणी इतके ओढते की कोकणच्या हवेत ते कधी वाळतच नाही. म्हणजे हा बोर्ड इतकी वर्षे रोज थोडा थोडा भिजत होता.

एक कप पाण्यात चहाचा एक चमचा सोडा विरघळवून कापसाच्या काडीने तो डागावर लावला. बारीक बुडबुडे आले. ते थांबले की टिपून घ्यायचे आणि पुन्हा लावायचे, बुडबुडे येईनासे होईपर्यंत. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा पुसून सोड्याचा अंश काढायचा, कारण सोडा मागे राहिला तर तोही क्षारच आहे. गळती अल्काची असती तर हेच काम व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने करायचे, पण मिनिट-दोन मिनिटेच, आणि नंतरचे धुणे तितकेच कसोशीने. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढणे हा निव्वळ देखावा आहे. दोघे एकमेकांना शमवतात आणि मळ तिथेच राहतो.

आता वायर. अल्काची गळती वायरच्या वेष्टनाच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी चढत जाते. वायर बाहेरून धडधाकट दिसते, सोलली की आतले तांबे काळे पडलेले, आणि त्या काळ्या तांब्याला सोल्डर काही केल्या धरत नाही. तिथे घासत बसू नये, वायर बदलावी. ट्रॅक खाल्ला गेला असेल तर भिंगाखाली तो तुटलेल्या बांधासारखा दिसतो. शाबूत भागापासून शाबूत भागापर्यंत पातळ तार जोडून तो सांधता येतो.

इथवर सेलवर चालणाऱ्या यंत्राची गोष्ट झाली. 230 व्होल्टवर चालणारे यंत्र असेल तर मळाकडे पाहण्याआधी स्वतःच्या जिवाकडे पाहायचे. बटण बंद करणे पुरेसे नाही. पिन सॉकेटमधून काढून ती डोळ्यांसमोर ठेवायची. आपल्याकडे काही घरांमध्ये वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असते, आणि मग बटण बंद असूनही यंत्रात वीज असते. पिन काढल्यावरही धोका उरतो तो कपॅसिटरचा, जुने मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात त्याचा. 230 व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे 325 व्होल्ट असते आणि पॉवर सप्लायमधला मोठा कंडेन्सर तेवढ्याला भरलेला असतो. काही यंत्रांत तो आपोआप रिकामा होतो, काहींत त्यासाठीचा रेझिस्टर जळून गेलेला असतो आणि तो तासन् तास भरलेला राहतो. अर्धा तास थांबा, मग मल्टिमीटर डीसी 600 किंवा 1000 व्होल्टवर लावून त्याच्या दोन्ही पायांवर मोजा. आकडा 10 व्होल्टच्या खाली नसेल तर हात लावू नका. स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही पाय जोडून ठिणगी काढण्याची एक पद्धत आहे. त्यात धातू वितळून डोळ्यांत उडतो, कंडेन्सर बिघडतो. जाणत्याकडून रेझिस्टर लावून तो रिकामा करून घ्या.

आणि काही यंत्रे घरी उघडूच नयेत. जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला 20 हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि ट्यूब स्वतःच कंडेन्सरसारखी तो धरून ठेवते. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला कंडेन्सर सुमारे 2000 व्होल्टचा असतो आणि त्याच्या एका झटक्यात माणूस जातो. फुगलेली लिथियम बॅटरी असलेला फोन किंवा लॅपटॉपही याच यादीत. ही यंत्रे कितीही मळली तरी ती शिकलेल्या माणसाकडेच न्यावीत, हे माझे ठाम मत आहे.

द्रवांकडे येऊ. पन्नास-साठ वर्षांमागे दुरुस्तीच्या दुकानांत कार्बन टेट्राक्लोराइड, म्हणजे ‘सीटीसी’ची बाटली असायची. ते झटकन सुकायचे, पेट घ्यायचे नाही, म्हणून लाडके होते. पण ते यकृत आणि मूत्रपिंडे खराब करते. कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर बोर्ड धुतले जायचे ते सीएफसी-113 या द्रवाने. माणसाला ते त्या मानाने सौम्य होते. पण 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अशी क्लोरीनयुक्त द्रव्ये वातावरणात वर जाऊन ओझोनचा थर झिजवतात. 16 सप्टेंबर 1987 रोजी माँट्रियल करार झाला आणि भारतातही 2010 च्या आरंभी सीएफसी आणि सीटीसी यांचा असा वापर थांबला. तरी जुन्या मेकॅनिकच्या कपाटात एखादी बाटली सापडते. सापडलीच तर वास घेऊन खात्री करायला जाऊ नका. हा बदल झाल्यावर कारखाने पाण्याने धुवू लागले किंवा ‘नो-क्लीन’ राळ वापरू लागले, जी धुवायची गरजच नसते. तिची एक खोड लक्षात ठेवा. ती अर्धवट पुसली तर पांढरा, चिकट थर होतो, आणि तो मूळच्यापेक्षा वाईट असतो. काढायची तर पूर्ण काढा, नाहीतर जागच्या जागी राहू द्या.

घरासाठी योग्य द्रव एकच, आयसोप्रोपिल अल्कोहोल. दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. 99 टक्क्यांचे घ्या. औषधांच्या दुकानातल्या 70 टक्क्यांच्या द्रवात उरलेले बहुतेक पाणी असते. त्याने अनर्थ होत नाही, फक्त वाळवणे लांबते. करोनाच्या काळात उरलेले सॅनिटायझर मात्र वापरू नका. त्यात हाताची त्वचा मऊ राहावी म्हणून ग्लिसरीन घातलेले असते. ते बोर्डावर चिकटून बसते आणि ओल धरते. नेलपॉलिश काढायचे द्रव आणि थिनर यांच्यामुळे प्लास्टिकचे भाग, बटणे, काही कंडेन्सरांची वेष्टने विरघळतात. गंज सुटावा म्हणून मिळणारे तेलकट फवारे स्क्रूसाठी ठीक आहेत, बोर्डावर त्यांचा थर राहतो आणि धूळ धरतो.

आता पेट्रोलचा हिशेब. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली 40 अंशांनाही पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणजे आपल्या घरात ते उघडले की त्याच क्षणी भडक्याची सामग्री सिद्ध असते. शिवाय त्यात बेंझीन असते, त्याने रक्ताचा कर्करोग होतो. आयपीएसुद्धा निर्धोक नाही. 12 अंश सेल्सिअसच्या वर त्याची वाफ ठिणगीने पेटते आणि ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून खिडक्या उघड्या, गॅसची शेगडी बंद, देवघरातले निरांजन आणि उदबत्ती विझवलेली, सोल्डरिंग आयर्नची पिन काढलेली. बाटलीतून थेट न ओतता छोट्या वाटीत लागेल तेवढेच घ्या, आणि ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. ब्रश, वाटी, फडके यांना शिसे लागलेले असते. ओट्यावर हे काम करू नका, लहान मुले आणि गरोदर बाई जवळ नको, आणि काम संपले की चहा घेण्याआधी साबणाने हात धुवा.

पुसण्याची रीतही सांगतो, कारण बहुतेकांचे इथेच चुकते. ब्रशने आयपीए लावले की राळ विरघळते, पण ती कुठे जात नाही. द्रव उडून गेला की तीच राळ पातळ होऊन सगळ्या बोर्डावर पसरलेली दिसते. म्हणून आधी धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा त्या भागावर अंथरा, त्याच्यावरून ओल्या ब्रशने थोपटा, म्हणजे विरघळलेला मळ फडक्यात शोषला जातो. तुकडा सरकवा आणि पुन्हा करा. तो पिवळा पडायचा थांबला की झाले.

सुकी धूळ काढायला रंगकामाचा मऊ, नैसर्गिक केसांचा ब्रश घ्या. नायलॉनचा ब्रश कोरडा घासला तर स्थिर वीज तयार होते आणि विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात तेवढी नाजूक आयसी मारायला पुरते. तोंडाने फुंकर मारली की थुंकी उडते. संगणकाचा सीपीयू पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारून आणणारे पुष्कळ आहेत, पण त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी आणि तेल साठलेले असते, ते हवेबरोबर बाहेर येते. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळतो तो रबरी फुगा चांगला.

रेडिओची स्टेशनांची काच हा तर वेगळाच विषय आहे. एका व्हॉल्व्ह रेडिओची काच मी आतल्या बाजूने आयपीएने पुसली. एका पुसण्यात निम्म्या शहरांची नावे फडक्यावर आली. अक्षरे काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात आणि अल्कोहोलने ती सुटतात, काही रेडिओंत तर साध्या पाण्यानेही. ती नावे पुन्हा मिळत नाहीत. काचेच्या आतल्या बाजूला कोरड्या मऊ ब्रशखेरीज काही लावू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. तसेच गँग, म्हणजे स्टेशन फिरवायचा कंडेन्सर, आणि आयएफ (मधल्या वारंवारतेच्या) कॉइल यांच्या जवळ द्रव नेऊ नका. कॉइलच्या गाभ्याला मेण लावून जागेवर बसवलेले असते, ते हलले की रेडिओ पुन्हा जुळवावा लागतो.

पाण्याने बोर्ड धुता येतो का? येतो, आणि हे ऐकून लोक दचकतात. ऑसिलोस्कोप बनवणारी टेक्ट्रॉनिक्स ही अमेरिकन कंपनी दुरुस्तीला आलेली यंत्रे सौम्य डिटर्जंट आणि पाण्याने धुवून गरम हवेत वाळवत असे. पाणी बोर्डाला मारते ते वीज चालू असताना. ओलावा, क्षार आणि दोन ट्रॅकमधला विजेचा दाब हे तिन्ही एकत्र आले की एका ट्रॅकचा धातू विरघळून दुसऱ्याकडे झाडाच्या फांद्यांसारखा वाढत जातो आणि शॉर्ट होतो. वीज काढून घेतली की उरतात फक्त क्षार आणि ओल, आणि ते दोन्ही काढता येतात.

26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2021 च्या जुलैत चिपळूण बुडाले. दोन्ही वेळी घरोघरी गाळाने भरलेली यंत्रे होती आणि सगळ्यांनी एकच केले, ती उन्हात वाळत घातली. गाळ वाळला म्हणजे त्यातले सगळे क्षार बोर्डावरच बसतात. पुराच्या पाण्यात बुडालेला काचतंतूंचा बोर्ड मिळाला, वीज आणि बॅटरी तोडलेली असली, तर वाळवण्याआधी तो स्वच्छ पाण्याने धुवायचा. भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब, कोमट पाणी, मऊ ब्रश. मग नळाचे पाणी पुष्कळ. आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, कारण नळाच्या आणि विशेषतः बोअरच्या पाण्यात स्वतःचे क्षार असतात. ट्रान्सफॉर्मर, रिले, स्पीकर, व्हॉल्यूम कंट्रोल हे भाग धुण्याआधी सोडवून बाजूला ठेवावेत, त्यांच्यात शिरलेले पाणी बाहेर येत नाही. तपकिरी कागदी बोर्ड मात्र बुडवू नका. तो ओल्या फडक्याने टिपून आणि आयपीएने पुसूनच साफ करावा. वडिलांच्या ट्रान्झिस्टरचा बोर्ड तसाच होता.

वाळवण्यात घाई झाली तर आधीचे सगळे वाया जाते. पाणी झटकून बोर्डावर आयपीए फिरवा. ते पाण्यात मिसळून आयसीच्या खाली अडकलेले पाणी बाहेर ओढते. मग बोर्ड उभा ठेवून पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस. पावसाळा असेल तर खोक्यात 40 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून, बोर्ड आणि खोक्याचा पुठ्ठा दोन्ही त्याच्यापासून वीतभर लांब ठेवा आणि खोके नजरेआड करू नका. आतली हवा हाताला ऊबदार लागावी, चटका बसता कामा नये. केस वाळवायच्या ड्रायरने प्लास्टिक वाकते. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही. तांदूळ हवेतली ओल फारशी ओढत नाही आणि पिठाची पूड मात्र फटींत जाते.

वाळलेला बोर्ड भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहा. दोन ट्रॅकमध्ये काळा, जळका डाग असेल तर तो धुऊन जाणार नाही. तो कोळसा आहे, वीज वाहतो, आणि खरवडूनच काढावा लागतो. 230 व्होल्टचे यंत्र पहिल्यांदा चालू करताना अनुभवी मेकॅनिककडून सिरीज लॅम्प लावून घ्या. यंत्राच्या रांगेत 60 किंवा 100 वॅटचा तारेचा बल्ब जोडलेला असतो. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो, शॉर्ट असेल तर पूर्ण पेटतो आणि बोर्ड वाचतो. एलईडी बल्बने हे काम होत नाही.

धुण्यात वापरलेला कापूस, निकामी सेल, काढून टाकलेले भाग अंगणात जाळू नका. शिसे आणि प्लास्टिकचा धूर घरच्यांच्याच छातीत जातो. ते वेगळ्या डब्यात साठवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

वडिलांच्या ट्रान्झिस्टरच्या दोन वायरी बदलाव्या लागल्या, एक ट्रॅक तारेने सांधावा लागला आणि स्प्रिंग नवी घातली. चौथ्या दिवशी त्यावर रत्नागिरी आकाशवाणी लागली. त्याच्यातले सेल वेळेवर काढले असते तर यातले काहीही करावे लागले नसते. तेव्हा हे पान वाचून झाले की उठा. घरातला न वापरला जाणारा रेडिओ, जुने रिमोट, मुलांची खेळणी, माळ्यावरचा टॉर्च, बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ, एकेकाचे झाकण उघडा आणि आतले सेल काढून टाका.